अपघाताला ‘काळाचा घाला’ म्हणणं आता पुरे

राहुड घाटात अपघात झाला की दुसऱ्या दिवशीचे मथळे पेपर न उघडताही सांगता येतात. एक, ‘काळाचा घाला’. दुसरा, ‘चालकाचे नियंत्रण सुटल्याने’. तिसरा, ‘वारसांना पाच लाखांची मदत जाहीर’. पहिल्यात आरोपी काळ असतो, दुसऱ्यात स्टिअरिंग आपोआप सुटतं आणि तिसऱ्यात सरकार उदार होतं. टायर किती झिजलं होतं, चालक किती तास झोपला नव्हता, गाडीचा मालक कोण, विमा कोणत्या कंपनीचा, उतारावर कठडा होता का, याबद्दल एक ओळ नसते. चार दिवसांनी बातमी संपते आणि घरातले हप्ते, फी, औषधं सुरू होतात.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वकील नाही. आमच्याकडे रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडला तर सकाळच्या मीटिंगमध्ये “त्याची वेळ भरली होती” असं कुणी म्हणत नाही. लॉग काढतात, शेवटचा बदल कुणी केला ते पाहतात, इशारा आला होता का आणि आला असेल तर कुणी दुर्लक्ष केलं हे विचारतात. एका यंत्रासाठी इतकी चौकशी होते आणि माणूस गेल्यावर आपण हात जोडून गप्प बसतो. हा लेख त्या रागातून लिहिला आहे. कायद्याचा सल्ला म्हणून वाचू नका. वकिलाची पायरी वेळेत चढावी म्हणून वाचा.

चांदवडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. मुंबई-आग्रा महामार्ग आपल्या उशाशी आहे. मालेगावकडे निघालं की राहुड घाट, मनमाडच्या रस्त्याला पानेवाडीच्या तेल डेपोंचे टँकर, कांद्याच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. ३० एप्रिल २०२४ ला राहुड घाटात एसटी बस आणि ट्रकचा अपघात झाला, माणसं गेली, कितीतरी जखमी. त्याआधी २८ जानेवारी २०२० ला शेजारच्या देवळा तालुक्यात मेशी फाट्याजवळ एसटी बस आणि ॲपे रिक्षा धडकल्या आणि दोन्ही वाहनं रस्त्याकडेच्या विहिरीत गेली. वीसहून जास्त माणसं मेली. हळहळ सगळ्यांनी केली. पण चालत्या महामार्गालगत विहीर असेल तर तिच्या कडेला मजबूत कठडा असावा हे पाहणं कुणाचं काम होतं, हा प्रश्न गावोगावच्या चर्चेत मला तरी ऐकू आला नाही.

आपल्या मोहल्ल्यात तरुण कमावता मुलगा रस्त्यावर गेला की काय होतं ते आठवा. जनाज्याला सगळं गाव लोटतं. जमात पैसे गोळा करते, आणि यात आपण कमी पडत नाही, हे अभिमानाने सांगतो. महिनाभर शेजारून डबा येतो. बुजुर्ग म्हणतात, “उसकी इतनीच लिखी थी.” हिंदू घरात हेच वाक्य ‘आयुष्याची दोरी तेवढीच होती’ असं येतं. मग दहाव्या-बाराव्या दिवशी गाडीमालकाकडून दोन शहाणी माणसं येतात, शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर समझोता होतो, पन्नास हजार किंवा लाख रुपये ठेवले जातात. मुलाच्या आईचा अंगठा घेतला जातो. “कोर्टात वर्षानुवर्षं जातात, भाभी, हे घ्या आणि मोकळं व्हा.” मोकळं कोण होतं? गाडीमालक आणि विमा कंपनी.

‘लिखी थी’ हा युक्तिवाद फक्त आपल्याच ओट्यावर चालतो असं समजू नका. तो विमा कंपन्यांचे वकीलही करतात, फक्त इंग्रजीत. त्याला ते ‘ॲक्ट ऑफ गॉड’ म्हणतात, म्हणजे देवाची करणी. ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईला निघालेली एक मोटार मागचं टायर फुटून खड्ड्यात गेली आणि तिच्यातला ३८ वर्षांचा माणूस मेला. घरात कमावणारा तो एकटाच. न्यायाधिकरणाने सव्वा कोटीच्या आसपास भरपाई दिली तेव्हा विमा कंपनी अपिलात गेली आणि म्हणाली, टायर फुटणं ही देवाची करणी आहे, चालकाचा दोष नाही. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ते फेटाळलं. देवाची करणी म्हणजे ज्यात माणसाचा हात नाही अशी अकल्पित नैसर्गिक आपत्ती. टायर फुटण्यात माणसाचा हात असतो. वेग जास्त, हवा कमी किंवा जास्त, टायर जुनं, तापमान. प्रवासाला निघण्याआधी टायर बघणं हे चालकाचं आणि मालकाचं काम आहे.

आता हा निकाल आणि आपल्या बुजुर्गांचं वाक्य शेजारी ठेवा. ज्या गोष्टीला उच्च न्यायालय निष्काळजीपणा म्हणतं तिला आपण घरात बसून नशीब म्हणतो आणि विमा कंपनीचा खटला फुकटात लढवून देतो.

कायद्यात निष्काळजीपणा सिद्ध करायला चार गोष्टी लागतात आणि त्या कुणालाही समजतील अशा आहेत. समोरच्यावर काळजी घेण्याचं कर्तव्य होतं का? त्या कर्तव्यात त्याने कसूर केली का? त्याच कसुरीमुळे इजा झाली का? आणि इजेचं नुकसान किती? बाकी सगळं या चारांच्या पोटात येतं.

पहिल्या प्रश्नाचं आजचं उत्तर १९३२ सालच्या एका ब्रिटिश निकालातून येतं. स्कॉटलंडमध्ये एका बाईने पेयाची बाटली अर्धी प्यायल्यावर आत कुजलेली गोगलगाय सापडली. बाटली तिने विकत घेतली नव्हती, मैत्रिणीने घेऊन दिली होती, म्हणजे कंपनीशी तिचा करार नव्हता. तरी कंपनी जबाबदार धरता येते, असं हाऊस ऑफ लॉर्ड्सने म्हटलं. माझ्या वागण्याने ज्याला इजा होईल हे मला आधीच दिसायला हवं, तो माझा शेजारी; आणि शेजाऱ्याची काळजी घेणं माझ्यावर बंधनकारक. इंदूरहून गुळगुळीत टायरांचा ट्रक सोडणाऱ्या मालकाने चांदवड कधी पाहिलं नसेल. पण चौफुलीवर रस्ता ओलांडणारी कॉलेजची मुलगी कायद्याने त्याची शेजारीण आहे.

दुसरा प्रश्न, कसूर सिद्ध कशी करायची. लोक इथे घाबरतात. साक्षीदार नाही, सीसीटीव्ही नाही, चालक पळून गेला. पण मोटार अपघाताच्या दाव्यात फौजदारी खटल्यासारखा ‘संशयापलीकडे’ पुरावा लागत नाही. दोन शक्यतांपैकी कुठली जास्त पटते, एवढंच तोलून पाहतात. म्हणून चालक फौजदारी कोर्टात सुटला तरी तुमचा दावा आपोआप पडत नाही. काही ठिकाणी तर घटनाच बोलते. दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसं मेली तेव्हा महापालिका म्हणाली, वरून काही दोष दिसत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये उत्तर दिलं की मनोरा ऐंशी वर्षांचा होता, त्यातल्या चुन्याचं आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं, तो तपासत राहणं तुमचं काम होतं. रस्त्यालगतचा मनोरा उगाच पडत नाही. पडला, यातच कसूर दिसते, आणि ती नव्हती हे मालकाने सिद्ध करायचं.

हाच नियम घाटाला लावा. केंद्राच्या रस्ते मंत्रालयाची ‘ब्लॅक स्पॉट’ची व्याख्या आहे. साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. एखादी जागा या यादीत गेली याचा अर्थ काय? सरकारने लेखी कबूल केलं की इथे माणसं मरतात हे आम्हाला ठाऊक आहे. त्यानंतरच्या अकराव्या मृत्यूला ‘दुर्दैवी’ म्हणायचा हक्क त्या खात्याला उरत नाही. आपल्याकडे मात्र ब्लॅक स्पॉट म्हटलं की लोक तिथून जाताना आयतुल कुर्सी वाचतात किंवा घाटदेवीला नारळ फोडतात. वाचा, जरूर वाचा. पण यादी वाचणंही शिका.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८ अ हे कलम आलं. रस्त्याची रचना, बांधकाम आणि देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर संबंधित प्राधिकरण, ठेकेदार, सल्लागार यांना दंड. किती? जास्तीत जास्त एक लाख रुपये. ज्या ठेक्याची रक्कम शेकडो कोटींत असते त्यावर एक लाख! मोटारसायकलवर हेल्मेट नसलेल्या पोराची पावती त्याच्या आठवड्याच्या कमाईएवढी, आणि ठेकेदाराचा दंड त्याच्या एका दिवसाच्या टोलवसुलीचा तुकडासुद्धा नाही. तरी हे कलम निदान आहे. आपल्या भागात ते किती वेळा लावलं, हे पोलिसांना विचारायला हवं. १३ ऑक्टोबर २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकलं. खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना सहा लाख, जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख, आणि ही रक्कम जबाबदार ठेकेदार व अधिकाऱ्यांकडून वसूल करावी. दाव्याची तपासणी करणाऱ्या समितीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव असतील.

आता पैशांचं बोलू, कारण फसवणूक इथेच होते. ८ ऑक्टोबर २०२२ ला पहाटे नाशिकच्या औरंगाबाद रोडवर खासगी बस पेटून १२ प्रवासी मेले. राज्याने पाच लाख जाहीर केले, केंद्राने दोन लाख. अशा रकमेला सरकारी भाषेत ‘सानुग्रह अनुदान’ म्हणतात. शब्दातच अनुग्रह आहे, म्हणजे कृपा. आमच्या भाषेत याला हार्डकोड केलेला आकडा म्हणतात. मेलेला माणूस विशीतला असो की साठीचा, त्याच्या मागे एक माणूस असो की सात, उत्तर तेच. मदत घेऊ नका असं मी म्हणत नाही. अडलेल्या घराला त्या दिवशी पाच हजारही मोठे असतात. पण तो आकडा म्हणजे भरपाई नाही. भरपाईला सूत्र असतं.

सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या ‘सरला वर्मा’ आणि २०१७ च्या ‘प्रणय सेठी’ या निकालांत ते सूत्र बांधून दिलं आहे. समजा ३२ वर्षांचा टेम्पोचालक, महिना पंधरा हजार कमावणारा, मागे बायको, दोन मुलं आणि आई. वय चाळीसच्या आत आणि कायम नोकरी नाही, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरायचे. पंधराचे एकवीस हजार झाले. अवलंबून असलेले चार जण, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा. उरले १५,७५०. वर्षाचे १,८९,०००. वय ३१ ते ३५ साठी गुणक १६. उत्तर, तीस लाख चोवीस हजार. अंत्यविधी आणि सहवास गमावल्याची रक्कम यावर वेगळी, आणि व्याज वेगळं. स्टॅम्प पेपरवरचे लाख रुपये आता या आकड्याशेजारी ठेवा. उरलेले एकोणतीस लाख त्या मुलांचे होते. ते आपल्याच शहाण्या माणसांनी चहा पिता पिता समोरच्याला सोडून दिले.

आणखी एक सापळा आहे, तो जास्त सभ्य आहे. कलम १६४ प्रमाणे कुणाची चूक हे सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात. चांगली सोय आहे, विशेषतः चूक दाखवणं खरंच अवघड असेल तेव्हा. पण विमा कंपनीने देऊ केलेले हे पाच लाख ठरलेल्या पद्धतीने स्वीकारले की कलम १६६ खालचा पूर्ण भरपाईचा दावा संपतो. घरी आलेला सूटबूटवाला हे वाक्य सांगेलच असं नाही. तुम्ही सही करण्याआधी वकिलाला विचारा, आणि त्याने वरचा हिशेब कागदावर मांडून दाखवला नाही तर दुसरा वकील बघा.

जखमींचं नुकसान तर आणखी दडपलं जातं, कारण तो जिवंत आहे, बोलतो आहे, लोक म्हणतात वाचला हेच खूप. वेल्डिंग करणारा २८ वर्षांचा मुलगा, महिना बारा हजार, उजव्या हाताची बोटं गेली. डॉक्टरचा दाखला म्हणतो चाळीस टक्के अपंगत्व. पण चाळीस टक्के हाताने चाळीस टक्के कमी वेल्डिंग होत नाही. वेल्डिंगच होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नेमकं हेच सांगितलं की शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या माणसाचा धंदा बघून दुसरी ठरवा. वर्षाचे १,४४,००० गुणिले १७ म्हणजे चोवीस लाख अठ्ठेचाळीस हजार. चाळीस टक्क्यांनी ९,७९,२०० होतात, ऐंशी टक्क्यांनी १९,५८,४००. फरक जवळपास दहा लाखांचा, आणि तो ठरतो कशावर? डॉक्टरला साक्षीला बोलावलं का आणि त्याला “हा माणूस आता कोणतं काम करू शकतो” हा प्रश्न विचारला का, यावर. घर सांभाळणाऱ्या बाईचंही तसंच. ती कमावत नव्हती म्हणून तिच्या मृत्यूची किंमत शून्य नसते. तिच्या कामाचं मूल्य धरायचं, असं न्यायालयांनी अनेकदा सांगितलंय.

विमा कंपनीचं पुढचं हत्यार म्हणजे ‘तुमचीही चूक होती’. एका मोटारसायकलवर तिघे होते म्हणून भरपाई कापली गेली, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जानेवारी २०२० चा निकाल सांगतो की तिघांनी बसणं हा नियमभंग आहे, पण त्या तिघांमुळेच अपघात झाला किंवा वाढला हे दाखवल्याशिवाय कपात करता येत नाही. म्हणजे तिसरा प्रश्न इथे परत येतो. चूक असणं पुरेसं नाही, चुकीचा इजेशी धागा जुळला पाहिजे. कांद्याच्या ट्रॉलीवर बसून जाणाऱ्या मजुरांचं प्रकरण मात्र कठीण आहे. मालवाहू गाडीत फुकट बसवलेल्या प्रवाशाची जबाबदारी साधारणपणे विमा कंपनीवर येत नाही. ती थेट मालकावर येते. ज्या शेतकऱ्याला वाटतं की विमा आहे म्हणजे वीस बायका ट्रॉलीत कोंबता येतील, त्याने हे ऐकून ठेवावं. जमीन विकायची वेळ येऊ शकते.

आता घरातले आक्षेप. ‘रक्ताचे पैसे आम्हाला नकोत.’ मुलाच्या आईने असं म्हटलं तर मी तिच्याशी वाद घालणार नाही. पण हेच वाक्य तिच्या नावाने दुसरेच बोलतात तेव्हा विचारावं लागतं. सूरह निसामध्ये चुकून झालेल्या हत्येसाठीसुद्धा मृताच्या घरच्यांना दियत देणं लावून दिलं आहे; घरच्यांनी स्वखुशीने सोडलं तर गोष्ट वेगळी. सोडून देण्याआधी देणं आहे हे मान्य करावं लागतं, आणि सोडायचा हक्क वारसांचा आहे, मोहल्ल्यातल्या मध्यस्थांचा नाही. वैद्यकी येत नसताना उपचार करणाऱ्याने झालेलं नुकसान भरून द्यावं, ही हदीसही आपल्या मौलानांना माहीत आहे. तकदीरीवरचा ईमान आणि कसुरीची जबाबदारी यांत आपल्या परंपरेने कधी भांडण लावलेलं नाही. ते आपण आळसाने लावलं.

‘विम्याचा पैसा हराम आहे.’ इथे विमा तुम्ही घेतलेला नाही. गाडीमालकाचं तुमच्याकडे देणं निघतं, ते तो खिशातून देतो की कंपनीकडून देववतो हा त्याचा मामला. मनात शंका असेल तर मुफ्तीसाहेबांना जरूर विचारा. फक्त सहा महिन्यांच्या आत विचारा. त्या सहा महिन्यांवर पुढे येतो.

तिसरा आक्षेप मला खरोखर महत्त्वाचा वाटतो. ‘ड्रायव्हरही गरीबच असतो, आपल्यातलाच.’ बरोबर आहे. जानेवारी २०२४ मध्ये नव्या न्याय संहितेतल्या दहा वर्षांच्या शिक्षेविरुद्ध चालकांनी संप केला तेव्हा पानेवाडीचे टँकर थांबले आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. ते पोटकलम सरकारने १ जुलै २०२४ पासून संहिता लागू करताना बाजूला ठेवलं. चालकांचा राग खोटा नव्हता. फौजदारी कायदा स्टिअरिंगवरच्या माणसाला पकडतो, कारण तोच जागेवर सापडतो. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा दिवसाला आठ तास सांगत होता. किती मालकांनी पाळला? भरपाईचा दावा नेमका इथे चालकाच्या पलीकडे जातो. नोकराच्या कामातल्या चुकीला मालक जबाबदार, हे तत्त्व आहे. पैसे मालक आणि विमा कंपनी देतात. गरीब ड्रायव्हरवर दया करून दावा सोडणारे प्रत्यक्षात वीस ट्रकांच्या मालकावर दया करत असतात. आणि चालक किंवा क्लीनर स्वतःच मेला तर? कर्मचारी भरपाईच्या कायद्यात कामावर असताना झालेल्या अपघातासाठी मालकाची चूक दाखवावीच लागत नाही. किती क्लीनरांच्या घरी हे माहीत आहे? ‘त्याचीच चूक होती’ असं म्हणून ती पोरं पुरली गेली.

तर सहा महिने. २०१९ च्या दुरुस्तीने, १ एप्रिल २०२२ पासून, अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांत कलम १६६ चा दावा दाखल करायची अट परत आली. १९९४ मध्ये ती काढून टाकली होती. घर सावरायला, हाड जुळायला, पेन्शनचे कागद व्हायला सहा महिने पुरत नाहीत, हे कायदा करणाऱ्यांना कळत नव्हतं असं मी मानत नाही. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. दावा लावायला अपघात झाला त्या जिल्ह्यातच जावं लागतं असंही नाही. तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणात तो चालतो. पोलिसांनी ४८ तासांत पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. ठाण्यात जाऊन “तो अहवाल गेला का?” एवढं एक वाक्य विचारलं तरी फाईल हलते. ५ मे २०२५ पासून अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे रोकडविरहित उपचार मिळण्याची योजना आहे. हे रुग्णालयाच्या काउंटरवर आपणच सांगायचं, ते सांगतील याची वाट बघायची नाही.

गाडी उडवून पळाली आणि सापडली नाही तर मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळतात, आणि त्यासाठी वकीलही लागत नाही. अर्ज महसूल खात्याकडे, प्रांत किंवा तहसीलदारांकडे जातो. २०२२ मध्ये देशात असे ६७,३८७ अपघात नोंदले गेले. २०२२-२३ या वर्षात दावे आले फक्त २०५. हे आकडे जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर होते. दोनशे पाच! एवढी माणसं तर आपल्या एका मशिदीत जुम्म्याच्या पहिल्या दोन सफांत बसतात. इथे पैसे नाहीत असं नाही, मागणाराच नाही.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रिया, मुलं, अपंग, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्नाची अट न बघता मोफत वकील मिळतो, फोन १५१००. विधवेच्या नावाने दावा असेल तर ती पात्र आहेच. दवाखान्याच्या दारात “तीस टक्के द्या, सगळं बघतो” म्हणणाऱ्याला हाकला. निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवणं वकिलांच्या नियमांत बसत नाही आणि तो बहुधा वकीलही नसतो.

माझी मागणी आपल्याच संस्थांकडे आहे. जमातीकडे जनाज्याचं सामान आहे, गोरखोदायला माणसं आहेत, कफनाचा साठा आहे. एक फाईल नाही. एफआयआरची प्रत, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदनाचा किंवा दुखापतीचा दाखला, दोन्ही गाड्यांची कागदपत्रं आणि विमा, मरहूमच्या कमाईचा कसलाही पुरावा (बँकेतल्या नोंदी, मालकाची चिठ्ठी, यूपीआयचे व्यवहार सुद्धा), वयाचा दाखला, घरात कोण कोण अवलंबून त्याची यादी. ही फाईल पहिल्या पंधरा दिवसांत तयार करायला एक शिकलेला मुलगा आणि एक झेरॉक्सचं दुकान पुरतं. आपल्या गावात इंजिनिअरिंग झालेली रिकामी पोरं कमी नाहीत. गणेश मंडळांनाही हेच सांगणं आहे. घाट कुणाला नाव विचारून अडवत नाही.

पहिलं काम म्हणून मी माहिती अधिकाराचा एक अर्ज लिहून ठेवला आहे, दहा रुपयांचा स्टॅम्प लावून. चांदवड तालुक्यात महामार्गावर गेल्या पाच वर्षांत किती मृत्यू झाले. त्यांपैकी किती प्रकरणांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला गेला. राहुड घाटाचा कोणता पट्टा ब्लॅक स्पॉटच्या यादीत आहे आणि कधीपासून. त्यावर काय काम झालं, किती खर्चाचं, कोणत्या ठेकेदाराने. आणि कलम १९८ अ खाली किती गुन्हे नोंदले. अर्ज एकाच्या नावाने गेला तर टोलवाटोलवी होते. वीस जणांच्या नावाने वीस अर्ज हवेत. ज्यांना आपलं नाव द्यायचं असेल त्यांनी येत्या जुम्म्याच्या नमाजीनंतर थांबावं, अर्जाच्या छापील प्रती मी घेऊन येतो.